लाळेऱ्यावरचा लाल डाग

मिट्टीवाल्या बाबांनी वाटी उपडी केली आणि माती लाल झाली.

ओतताना पाणी पिवळं होतं, हे बसमधून आलेल्या चाळीस माणसांनी पाहिलं होतं. हळद मंडळींतल्या प्रमोदिनीबाईंच्या हळदीकुंकवाच्या तबकातली, पाणी त्यांच्याच तांब्यातलं, वाटीसुद्धा त्यांचीच. बाबांचं म्हणून त्यात काही नव्हतं. तरी जमिनीला लागताच ते पाणी तांबडं झालं, गडद झालं, आणि तळ्याकाठच्या पांढुरक्या मातीवर ओल्या जखमेसारखं पसरलं.

“देखो,” बाबा हळू आवाजात म्हणाले. हळू बोललं की माणसं पुढे सरकतात, हे त्यांना ठाऊक होतं. “किसका लहू है ये? तुम्हारे पुरखों का. सवा दो सौ साल से यहाँ घास का तिनका नहीं उगा. और तुम इनकी छाती पर तंबू गाड़ने चले थे?”

कुणाचा तरी हुंदका आला. तीस वर्षं केंद्र सरकारच्या फायली हातावेगळ्या करण्यात घालवलेल्या भाऊसाहेबांनी चपला काढल्या आणि हात जोडले. त्यांची सून अलकनंदा कडेवर दहा महिन्यांच्या विनूला घेऊन मागे उभी होती. खोटं कशाला सांगायचं, काटा तिच्याही अंगावर आला.

सकाळ ‘काला अंब’ला, पानिपतच्या रणभूमीवरच्या स्मारकापाशी, गेली होती. १९८४ सालची संक्रांत. दिल्लीतली मराठी मंडळी दरवर्षीप्रमाणे बस करून पानिपतच्या स्मारकाला आली, फुलं वाहिली, गळे भरून आले. परतताना एका लहानशा, निवांत तळ्याकाठी रात्र काढायची, बायकांनी तिथेच हळदीकुंकू करायचं, असं यंदा ठरलं होतं. तंबूंची जबाबदारी अलकनंदाच्या नवऱ्याकडे, विश्वासकडे. जागेवरून तासभर वाद झाला. बाभळींखाली काटे, धोबीघाटाकडे चिखल. एकच पट्टा सपाट, कोरडा, पांढरा, गवताचं पातंही नसलेला.

“अरे यार, ही तर आपल्यासाठी सारवूनच ठेवलीय,” म्हणत विश्वासनं पहिली खुंटी ठोकली, आणि पलीकडच्या पिंपळाखालून मिट्टीवाले बाबा आले. हातात लोखंडी चिमटा, मागे पाऊणशे गावकरी. आलेली माणसं कुठली, कशासाठी आली, हे त्यांनी आधी बसच्या ड्रायव्हरला विचारून घेतलं होतं.

माती लाल झाली, आणि त्याच घटकेला लता कोसळली.

लता विश्वासची धाकटी बहीण, एकोणीस वर्षांची. हातपाय ताठ झाले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. अलकनंदानं विनूला एका बाईच्या हाती दिलं, धावत जाऊन लताला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली शाल सरकवली. दोन मिनिटांत झटका ओसरणार, मग ती गुंगीत राहणार, हे तिनं घरी तीनदा पाहिलं होतं. गोळ्या चालू होत्या तोवर सहा महिने काही झालं नव्हतं. पण बसमध्ये इनामदार मंडळी होती. त्यांच्या अविनाशशी लताचं लग्न जमत आलं होतं. “तिथे गोळ्या कुणाच्या नजरेला नकोत,” म्हणून भाऊसाहेबांनी चार दिवसांपासून बाटली कपाटात कुलूपबंद केली होती.

“सिपाही आ गया,” बाबा म्हणाले. “छोकरी में सिपाही उतरा है. भूखा है. पकड़ो.”

“बाबा, आजारी आहे ती,” अलकनंदा म्हणाली. मग हिंदीत म्हणाली. मग सासऱ्यांकडे वळली. “भाऊ, सांगा ना त्यांना. तुम्ही सांगा.”

भाऊसाहेबांनी इनामदारांकडे पाहिलं, लाल मातीकडे पाहिलं. “सूनबाई, आत्ता मध्ये बोलू नका,” ते म्हणाले. घराण्याला आजार असण्यापेक्षा पोरीच्या अंगात पानिपतचा वीर असणं त्यांना सोपं वाटलं.

पहिला चिमटा लताच्या पाठीवर बसला तेव्हा ती धड शुद्धीतही नव्हती. बाबांनी वेणी मनगटाला गुंडाळून तिला उठवून बसवलं. “नाम बोल.” झटक्यानंतरच्या गुंगीत माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही. दुसरा चिमटा. “नाम बोल, सरदार.” तिसऱ्या फटक्याला ओठ फाटला आणि रक्त हनुवटीवरून ओघळलं. खरं रक्त होतं ते, पण त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. दोघांनी तिचे पाय धरले होते. हात विश्वासनं धरले होते. सख्ख्या भावानं. “लते, थोडंच राहिलंय, सहन कर,” म्हणत तो रडत होता आणि हात सोडत नव्हता.

अलकनंदा मध्ये पडली. कुणाचं तरी कोपर तिच्या गालफडावर बसलं, कुणीतरी तिला फराफरा ओढून रिंगणाबाहेर काढलं आणि रडणारा विनू तिच्या हातात कोंबला. “बच्चे वाली है, हटाओ इसे. साया लग जाएगा.” मागून आवाज आला, “पानी में तीन डुबकी. सिपाही प्यासा है.”

जानेवारीतलं तळ्याचं पाणी. गुंगीतली मुलगी.

बसपाशी ड्रायव्हर नव्हता. अलकनंदा धोबीघाटाकडे पळाली. निदान तिथे कुणीतरी असेल. तिथे एकच म्हातारी धोबीण होती, भतेरी. बुचकळत असलेलं धुणं तिनं खाली ठेवलं.

“फेर मार रहा है?” पुन्हा सुरू झालं का, अशा सुरात तिनं विचारलं. “पिछले साल म्हारे गाँव की बहू थी. हाथ तोड़ दिया था.”

अलकनंदानं रिंगणाकडे बोट दाखवलं. विनू हमसून रडत होता. त्याच्या लाळेऱ्यावर दुपारचं वरण सांडून मोठा पिवळा डाग पडला होता. भतेरीनं पोराला मांडीवर घेतलं, लाळेरं सोडलं, आणि तिचे हात, जणू त्यांना दुसरं काही येतच नसावं तसे, कामाला लागले. बाजूच्या ढिगातली पांढरी माती मूठभर घेतली, ओल्या डागावर चोळली.

डाग लाल झाला.

अलकनंदा बघतच राहिली. “ये मिट्टी कहाँ की है?”

“वहीं की, जहाँ तुम तंबू गाड़ रहे थे. रेह है, बेटी. खारी. इसमें कुछ ना उगता. साबुन महँगा है, हम तो इसी से धोवैं.”

साबण. दिल्लीच्या क्वार्टरमध्ये रोज सकाळी विनूची दुपटी धुताना हेच तर होत होतं. वरणाच्या डागावर साबणाची वडी फिरवली की डाग लालभडक, लिंबू चोळलं की पुन्हा पिवळा. रोज पाहिलं होतं, आणि न्हाणीघराबाहेर ते कधी आलंच नव्हतं.

“आजी, लिंबू आहे?” ती मराठीतच म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता, विनूला तिथेच सोडून, एका हातात रेह आणि एका हातात लाळेरं घेऊन पळत सुटली. लिंबं मसालेभाताच्या टोपाशी चिरून ठेवलेली होती.

दुसरी बुडी झाली होती. लता ओल्या पोत्यासारखी बाबांच्या हातात लोंबत होती, ओठ निळे.

“थांबा” असं अलकनंदा ओरडली नाही. थेट प्रमोदिनीबाईंसमोर जाऊन तिनं लाळेरं पसरलं. “वहिनी, वरणाचा डाग आहे हा. वर ही पांढरी माती चोळली. सांगा, कुणाचं रक्त आहे? तुरीच्या डाळीचं?”

प्रमोदिनीबाईंचा हात तोंडाकडे गेला.

“हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं?” अलकनंदानं सगळ्या बायकांना विचारलं.

“लाल होतो गं,” कुणीतरी पुटपुटलं. मग दुसरी, मग तिसरी. चाळिसांतल्या प्रत्येक बाईला उत्तर येत होतं. प्रश्नच कुणी विचारला नव्हता.

तिनं जमिनीवरच्या लाल डबक्यावर लिंबू पिळलं. लाल फिकं झालं, आणि जिथे रस पडला तिथे पुन्हा पिवळंधमक. तबकातली उरलेली हळद पाण्यात कालवून तिनं बाभळीखालच्या गवतावर ओतली. पिवळीच राहिली. “इथे कुणी मेलं नव्हतं वाटतं?” ती म्हणाली. “सैनिक काय क्षार बघून पडत होते?”

“चुडैल,” लताला काठच्या पाण्यात सोडून बाबा गरजले. चिमटा अलकनंदाच्या मनगटावर आला. हाड कडकन वाजलं, ते तिनं स्वतः ऐकलं. दुसऱ्यांदा तो वर गेला आणि वरच राहिला. विश्वासनं धरला होता. मघाशी बहिणीचे हात ज्या हातांनी धरले होते, त्याच हातांनी.

मग सगळंच उलटलं. ज्यांनी पाय धरले होते त्यांनीच बाबांची दाढी धरली. दगड आले, चपला आल्या, बाबांच्या कपाळातून धार लागली. कुणीतरी ओरडलं, “डुबाओ इसे, तीन बार.”

अलकनंदा गुडघाभर पाण्यात लताला मिठीत घेऊन बसली होती. तिथूनच ती म्हणाली, “विश्वास, सोडवा त्यांना. आत्ताच. मघाशी तिला मारत होतात, आता यांना मारताय. तपासून बघितलंय काय तुम्ही, मघाशी तरी आणि आत्ता तरी?”

विश्वासनं बाबांच्या आडवा हात घातला. दोन-चार फटके त्यालाही बसले. पुढे कुणीतरी बोलावलेले पोलीस आले, बाबांना घेऊन गेले.

लता शालीत गुंडाळलेली, दात वाजत होते; शेजारी भतेरी विनूला कडेवर घेऊन आली होती. इनामदारकाकू बसच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांच्यासमोर भाऊसाहेब आले, अनवाणी.

“माझ्या मुलीला फिट येते,” ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य त्यांनी चारचौघांत उच्चारलं. “औषधानं ती बरी असते. औषध मी लपवलं. मातीवर विश्वास ठेवला आणि डॉक्टरवर नाही.”

लतानं फाटक्या ओठांनी विचारलं, “वहिनी, तंबू कुठे लागले?”

“घाटावर, चिखलातच, भतेरी धोबिणीच्या शेजारी. पण आपण आधी दवाखान्यात.”

ज्या चिमट्यानं लताची पाठ सोलली, त्याच्यामागे कुठलीच शक्ती नव्हती. होती ती हळद, खारी माती, आणि आपलं गप्प राहणं. पानिपतावर पडलेल्यांचा मान राखायचा असेल तर जिवंत पोरी राखा. पुढच्या वेळी कुणी माती लाल करून दाखवली तर हात जोडण्याआधी लिंबू मागा. आणि झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, डॉक्टरकडे न्या; चिमटा धरणाऱ्याला हात देऊ नका.

दोन दिवसांनी, मनगटाला प्लास्टर असलेल्या अलकनंदानं एका हातानं लाळेरं खळबळलं आणि क्वार्टरच्या गच्चीत उन्हात टाकलं. संध्याकाळी लता ते आत घेऊन आली, उलटसुलट करून बघितलं. उन्हानं हळदही नेली होती. कापड पांढरंशुभ्र होतं. तिनं ते विनूच्या गळ्यात बांधलं, आणि स्वतःची गोळी सगळ्यांच्या देखत, पाण्याबरोबर घेतली.