पंडिताचं ‘नाही’

माझ्या नवऱ्याला मी तोंडावर ‘अहो’ म्हणते आणि मनातल्या मनात पंडित. अहो-जाहो सगळं तोंडापुरतं, मनात तो एकेरीच असतो. हे नाव मी उगाच ठेवलेलं नाही. या देशात येऊन आम्हाला सोळा वर्षं झाली आणि त्यातली पंधरा वर्षं त्याचा ठाम समज आहे की, इथली भाषा आपल्याला इथल्यांपेक्षा चांगली येते. बसमधल्या पाट्यांमध्ये तो व्याकरणाच्या चुका काढतो. मी दुकानात काही बोलले की बाहेर पडल्यावर माझं वाक्य दुरुस्त करून मला परत देतो. घरी फोनवरची सगळी बोलणी त्याच्याकडे. वीज, पाणी, विमा, दातांचा डॉक्टर, सगळ्यांशी तोच बोलणार, कारण मी बोलले तर म्हणे घराण्याची अब्रू जाते.

तर इंटरनेट. आमचं तसं बरं चाललं होतं. फक्त पंडिताच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये ते नेमकं तो बोलत असतानाच अडकायचं. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा मिटलेला, असा त्याचा चेहरा सगळ्या ऑफिसला दोन-दोन मिनिटं बघावा लागे. मला विचाराल तर तेवढा वेळ ऑफिसला काम करायला मिळत होता. पण त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाने कंपनी बदलली, मग त्याच्या पलीकडच्याने बदलली, आणि मग पंडिताला रात्रंदिवस तेच सुचायला लागलं. तीन आठवडे जेवताना स्पीडशिवाय दुसरा विषय नाही. भाजीत मीठ नव्हतं हे त्याला त्या काळात एकदाही कळलं नाही.

मी म्हटलं, “बदला. पण घरचा नंबर तोच राहिला पाहिजे.”

“अगं, लँडलाइन वापरतं कोण आता?”

“मी वापरते. तो नंबर जाता कामा नये. बाकी तुम्हाला काय हवं ते आणा.”

“नंबर पोर्ट होतो. शेंबड्या पोरालाही माहीत आहे,” पंडित म्हणाला.

त्या नंबरचं काय आहे ते सांगते. मला एक धाकटा भाऊ आहे. बावीस वर्षांचा असताना वडिलांशी भांडला आणि घरातून निघून गेला तो गेलाच. आज एका गावात, उद्या दुसऱ्या, कधी ट्रकवर तर कधी कुणाच्या गोदामात. त्याला पत्ता नाही, स्वतःचा फोन टिकत नाही, असलेला कुणाला देत नाही. आम्ही इकडे आलो तेव्हा हा नंबर मी एका मैत्रिणीच्या हाती त्याच्यापर्यंत पोचवला आणि त्याने तो पाठ केला. वर्षातून एखादा फोन येतो, कधी तोही नाही. वडील गेले तेव्हा त्याला कळवायला आमच्याकडे काहीही नव्हतं. चार महिन्यांनी त्याचाच फोन आला, “ताई, सगळे बरे आहेत ना?” वडील गेल्याचं मला त्याला फोनवर सांगावं लागलं. मी त्याला शोधू शकत नाही, तोच मला शोधू शकतो, आणि तेही या एकाच नंबरावर. आता हे ज्याला कळत नाही त्याला काय म्हणायचं?

पंडिताला धाकटा आवडत नाही. त्यात लपवण्यासारखं काही नाही, तो स्वतःच चारचौघांत सांगतो. दोन वर्षांपूर्वी धाकट्याचा फोन आला तेव्हा मी न्हाणीघरात होते. पाणी बंद केलं आणि दारातून ऐकू आलं, “ती घरी नाही.” आणि फोन ठेवल्याचा आवाज. मी ओल्या केसांनी बाहेर आले तर म्हणतो कसा, “काहीतरी मागायलाच केला असणार.” त्या दिवसापासून घरात फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते.

नव्या कंपनीला फोन करायचा दिवस ठरला. पंडित टेबलाशी बसला, समोर कोरा कागद, पेनाचं टोपण काढलेलं, मुलगी बघायला आल्यासारखा चेहरा. मी भांडी पुसत होते. फोनवरची बाई प्रश्न विचारत होती आणि पंडित रुबाबात उत्तरं देत होता. शेवटी “धन्यवाद, तुमचा दिवस चांगला जावो” वगैरे झालं.

“नंबरचं सांगितलंत?”

“तिनेच विचारलं. मी स्पष्ट सांगितलं.”

पाच दिवसांनी टूलबॉक्स घेऊन माणूस आला, भिंतीवर पांढरी पेटी लावली, जुनी काढली आणि गेला. पंडित पेटीकडे बघत उभा राहिला, दिवे हिरवे झाले तसा त्याचा चेहराही उजळला. मी माझा मोबाइल काढला आणि घरचा नंबर लावला. घरचा फोन गप्पच. कानात बाई म्हणाली, हा नंबर सेवेत नाही.

मी पुन्हा लावला. चार वेळा लावला. बाई तेच म्हणाली.

पंडित म्हणाला, “सिस्टिम अपडेट व्हायला वेळ लागतो.” दुसऱ्या दिवशी म्हणाला, कंपनीची चूक आहे. तिसऱ्या दिवशी म्हणाला, आता नवा नंबर मिळालाय ना, मग झालं तर. आठव्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत एकटीच कंपनीच्या दुकानात गेले.

मी कपडे दुरुस्त करायच्या दुकानात काम करते. पँट आखूड करणं, चेन बदलणं, बाही कमी करणं. तिथे माझी भाषा कुणी दुरुस्त करत नाही, शिलाई तेवढी बघतात. कंपनीच्या काउंटरवरच्या बाईला मी माझ्या मोडक्यातोडक्या पण पुऱ्या वाक्यांत सगळं सांगितलं. ती भली होती. म्हणाली, फोनवरचं बोलणं रेकॉर्ड होतं, ऐकू या. तिने हेडफोन माझ्याकडे दिला.

पंडिताचा रुबाबदार आवाज. मग त्या बाईचा, “म्हणजे जुना नंबर तुम्हाला नको आहे?”

आणि पंडित ठणठणीत आवाजात, “नाही.”

“ठीक आहे. पुढचा प्रश्न…”

मी हेडफोन काढून ठेवला. दुकानातल्या खुर्चीवर बसले.

हा घोटाळा मला ओळखीचा होता. कामाला लागले त्या पहिल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं होतं, “तुम्ही अजून कोटाची बाही कापली नाही ना?” मी म्हटलं, “हो.” म्हणजे हो, बरोबर, नाही कापली. ती बाई धापा टाकत दुकानात आली, रडायच्या बेतात, कारण तिला बाही कापायचीच नव्हती. कोट होता तसा हँगरला. मालकीण आपल्याकडचीच, तिने मला मागे नेलं आणि शांतपणे समजावलं. आपण समोरच्याच्या बोलण्याला हो किंवा नाही म्हणतो. ही माणसं बोलण्याकडे बघतच नाहीत, गोष्टीकडे बघतात. बाही कापली तर हो, नाही कापली तर नाही, प्रश्न कसाही विचारा. मालकीण म्हणाली, तुझ्या डोक्यात हे बसायला वर्षं जातील, तोवर हो-नाही म्हणूच नकोस, पुरं वाक्य बोल. तेव्हापासून मी पुरी वाक्यं बोलते. पंडित त्याला बालवाडीची भाषा म्हणतो.

तर पंडिताला म्हणायचं असेल, “नाही, असं कसं, हवा आहे.” त्यातलं ‘नाही’ तोंडातून बाहेर पडलं आणि उरलेलं मान हलवण्यात गेलं. फोनवर मान कोणाला दिसणार?

किंवा तो नुसतंच ‘नाही’ म्हणाला असेल. नको आहे म्हणून.

हा दुसरा विचार आला आणि मला घेऊन बसला. न्हाणीघराच्या दारातून ऐकलेला आवाज आणि हेडफोनमधला आवाज सारखाच होता. तेवढाच स्वच्छ, तेवढाच खणखणीत. ज्या माणसाला भाषा इतकी येते त्याची एका शब्दात चूक कशी होईल? पंधरा वर्षं तो मला सांगत आला की त्याची चूक होत नाही.

बाई म्हणाली, जुना नंबर तीस दिवस राखून ठेवतात, मग तो दुसऱ्या कुणालाही जातो. परत हवा तर ज्याच्या नावावर खातं आहे त्याने स्वतः यायचं आणि फॉर्म भरायचा. फॉर्मवर कारण छापलेलं होतं, ‘मला विचारलेला प्रश्न समजला नाही.’ खाली सही.

घरी येऊन मी पंडितापुढे ते ठेवलं.

“मी यावर सही करणार नाही,” तो म्हणाला. “मला प्रश्न समजला होता.”

“मग नाही का म्हणालात?”

“मी बरोबर तेच म्हणालो जे म्हणायला हवं होतं.”

“म्हणजे नंबर नको होता?”

“माझ्या भाषेबद्दल कोणी शंका घेतलेली मी खपवून घेणार नाही,” पंडित म्हणाला आणि लॅपटॉप उघडला.

दुष्ट म्हणवून घ्यायला तयार, पण अडाणी म्हणवून घ्यायला नाही. असली माणसं मी दुकानातही बघते. पोट सुटलेलं असतं, पण मापाला टेप लावू देत नाहीत. मग पँट कमरेत चढत नाही आणि शिव्या आम्हाला. मी तेरा दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलले. रोज कॅलेंडरवर बघत होते. रोज वाटायचं, आज धाकट्याने तिकडे कुठल्यातरी टपरीवरून नंबर फिरवला असेल आणि ती फोनमधली बाई त्याला म्हणाली असेल, सेवेत नाही. त्याला वाटेल, ताईनेही दार लावून घेतलं. पुन्हा तो कधी लावणार नाही. मी ओळखते त्याला.

बाविसाव्या दिवशी मी म्हटलं, “उद्या तुम्ही माझ्याबरोबर येताय. नाही आलात तर मी तुमच्या ऑफिसात येईन आणि सगळ्यांसमोर माझ्या भाषेत सांगेन.”

माझ्या भाषेत, हे ऐकून तो घाबरला. आला.

काउंटरवर तीच बाई. पंडिताने घसा साफ केला आणि तिला पाच मिनिटं अस्खलित ऐकवलं. तुमची सेवा कशी असावी, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण कसं हवं, माझा भाषेशी काही प्रश्न नाही. एकेक शब्द छापल्यासारखा. बाईने फॉर्म बाहेर काढलेला होता. तिने तो हातात धरला, पंडिताकडे बघितलं आणि गोंधळून विचारलं, “म्हणजे तुम्हाला जुना नंबर परत नको आहे?”

“नाही,” पंडित जोरात म्हणाला.

“ठीक आहे,” बाई म्हणाली, आणि फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर बंद केला.

पंडित माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचा आनंद. “झालं. चल.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. पंधरा दिवस मी ज्याला खुनशी समजत होते तो नुसता अडाणी निघाला. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

“अहो,” मी म्हटलं, “तिने आत्ता काय विचारलं?”

“नंबर नको का म्हणून. मी म्हटलं, नाही.”

“मग फॉर्म कुठे गेला?”

पंडिताने काउंटरकडे बघितलं. मग ड्रॉवरकडे. मग पुन्हा काउंटरकडे. त्याचे कान हळूहळू लाल झाले. तोंड अर्धवट उघडं, एक डोळा जरासा मिटलेला, अगदी मीटिंगमधल्यासारखा, आणि या वेळी इंटरनेटचा काही दोष नव्हता.

“आम्हाला जुना नंबर परत हवा आहे,” मी बाईला म्हटलं. बालवाडीचं वाक्य. तिने लगेच ड्रॉवर उघडला.

पंडिताने सही केली. ‘मला विचारलेला प्रश्न समजला नाही’ याच्या बरोबर खाली, नेहमीची लफ्फेदार. परतताना बसमधली एकही पाटी त्याने वाचली नाही. चार दिवसांनी नंबर सुरू झाला. फॉर्मची प्रत मी फ्रिजवर लावली. त्याने काढली नाही.

पण फोन वाजेना. दोन महिने गेले, चार गेले. मधल्या त्या दिवसांत धाकट्याने लावून बघितला होता का, हे मला कळायला मार्ग नव्हता. कुणाला विचारणार? पंडित एकदा चहा पिता पिता म्हणाला, “येईल गं.”

मग एका रविवारी दुपारी मी न्हाणीघरात चादरी पिळत होते आणि फोन वाजला. मी धावणार तोवर पंडिताने उचलला होता. मी दाराशीच थांबले. हाताला फेस तसाच.

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. पण धाकटा बोलायला कशी सुरुवात करतो ते मला माहीत आहे. फोन भाऊजींनी उचलला की त्याचा आवाज पडतो आणि तो आधीच हरून विचारतो, “ताई घरी नाहीये का?”

“ना…” पंडित म्हणाला आणि थांबला. मग तो सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलला, शाळेत पहिल्यांदा उभं केलेल्या मुलासारखा.

“तुझी ताई घरी आहे. मी तिला फोन देतो. तू ठेवू नकोस.”