पैसे देऊन राखलेली मेंढरं

नवऱ्याला वेड लागावं, पण निदान चारचौघांसारखं तरी लागावं, असं तनुजाला दर उन्हाळ्यात वाटायचं. दुसऱ्यांचे नवरे दुबईला नेतात, सिंगापूरला नेतात. बायका तिथून चॉकलेटं आणतात आणि सिडकोतल्या सगळ्या गल्लीत वाटतात. शिवशंकरला ते चालायचं नाही. "दुबईला काय, आता कुणीही उठतं आणि जातं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. त्याला देश असा पाहिजे, की नुसतं नाव ऐकून समोरच्याच्या कपाळाला आठ्या पडल्या पाहिजेत.

आर्मेनिया झालं, अल्बानिया झालं. अल्बानियाहून आल्यावर शेजारच्या द्वारकाबाईंनी विचारलं, "म्हणजे नेमकं कुठं हो? नेपाळच्या पुढं?" त्यावर हा दोन दिवस धुसफुसत होता. अरे बाबा, ज्या देशाचं नावच कुणाला ठाऊक नाही, तिथं जाऊन आल्याचं मिरवणार तरी कुणापुढं? हा साधा प्रश्न ह्या माणसाला कधी पडला नाही. तनुजानं विचारला, की तो मोबाईलवर नकाशा काढून बसायचा आणि तिला समजावून सांगायचा, म्हणजे आणखी अर्धा तास डोक्याला ताप.

यंदा किरगिझस्तान निघालं. नाव उच्चारताना तनुजाची जीभ दोनदा अडखळली. "तिथं काय हाय?" तिनं विचारलं.

"डोंगर आहेत. कुरणं आहेत. अस्सल निसर्ग," शिवशंकर म्हणाला. तो सरकारी खात्यात अभियंता होता आणि बोलताना 'हाय' आणि 'नाय' त्यानं फार मेहनतीनं मागं टाकलं होतं. फक्त रागावला की सगळं परत यायचं.

व्हिसाची धावपळ चालली होती तेव्हाच आबांचा फोन आला. आबा म्हणजे शिवशंकरचे वडील, सूर्यभान. फोन तनुजालाच यायचा, कारण पोरगा कायम 'मीटिंगमध्ये' असतो हे म्हाताऱ्याला आता पाठ झालं होतं. आबा फर्दापूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी मेंढरं राखायचे. सगळी हयात त्यातच गेली. शिवशंकरची आई, बानाबाई, होती तोवर दोघं राखायचे, ती गेल्यावर एकटेच. मेंढरांमागं फिरायचं आणि संध्याकाळी कुणाच्या तरी पडीक रानात जाळी लावून वाडा घालायचा. वाडा म्हणजे काही चौसोपी बंगला नव्हे. चार मेखा, एक जाळी, आत मेंढरं आणि बाहेर घोंगडीवर आबा.

"पोरी, गुडघं काय साथ देईनात आता," आबा म्हणाले. "पेरण्यांच्या आत मेंढरं देऊन टाकीन म्हणतो. सिल्लोडचं एक गिऱ्हाईक लागलंय. पण देण्याआधी शिवाला म्हणावं, एक दिस ये. सकाळी संगं निघू, सांच्याला वाड्यावर येऊ. बाकी काय नगं मला."

तनुजानं फोन ठेवला आणि तसाच्या तसा निरोप नवऱ्याला दिला. शिवशंकर लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "जाऊ की. आल्यावर जाऊ."

"आल्यावर मेंढरं राहतील का?"

"राहतील गं. म्हातारा दरवर्षी विकतो म्हणतो. कधी विकली का?"

एवढं मात्र खरं होतं, म्हणून ती गप्प बसली. आपण गप्प बसलो ह्याचा राग तिला पुढं खूप आला. कॉलनीत शिवशंकरनं सांगून ठेवलं होतं, की वडील गावाकडं शेती बघतात. कोणती शेती, तर ती म्हणे वडिलोपार्जित! आबा चार दिवस राहायला आले, की पाहुणे यायच्या आधी त्यांची घोंगडी माळ्यावर जायची. आबांना ते कळायचं. ते काही बोलायचे नाहीत, बाल्कनीत बसून राहायचे आणि जाताना स्वतःच स्टुलावर चढून घोंगडी काढून घ्यायचे.

असो. दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी असं निम्मं स्वयंपाकघर बॅगेत भरून ही दोघं किरगिझस्तानला पोचली. पहिले दोन दिवस तनुजानं डोंगर पाहिले, घोडीचं आंबवलेलं दूध नको नको म्हणत चाखलं आणि तोंड वाकडं केलं. तिसऱ्या दिवशी जीप त्यांना घेऊन वर वर चढत गेली आणि एका मोठ्या हिरव्या पठारावर थांबली. लोकरीच्या जाड कापडाचा गोल तंबू होता. तंबूपुढं एक म्हातारा उभा होता, डोक्यावर उंच पांढरी टोपी, हातात काठी. आणि त्याच्या मागं, बाई गं, सगळा उतार मेंढरांनी भरलेला.

"हे काय?" तनुजानं विचारलं.

"मेंढपाळासोबत एक दिवस," शिवशंकर उत्साहानं म्हणाला. "हे पॅकेजमध्ये नव्हतं. मी वेगळे पैसे भरून घेतलं. सकाळी त्यांच्यासोबत निघायचं, संध्याकाळी परत यायचं. लोक कुठून कुठून येतात ह्यासाठी!"

तनुजा त्याच्याकडं बघतच राहिली. हसावं का रडावं तेच तिला कळेना. "अहो, तुम्हाला लाज वाटते का थोडी तरी?" ती म्हणाली. "बाप फुकट बोलवतोय तर टाईम नाही, आणि हितं पैसे भरून मेंढरं राखायला आलात?"

"ते वेगळं, हे वेगळं."

"काय वेगळं? मेंढीला हितं पाच पाय हायेत का?"

"तुला अनुभव ही गोष्टच कळत नाही," असं म्हणून तो पुढं निघून गेला. तनुजाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण परक्या मुलखात, अनोळखी म्हाताऱ्यापुढं, नवऱ्याशी भांडायचं तरी कसं? ती पाय आपटत मागं मागं चालू लागली.

दुपारच्या सुमाराला एक मेंढी लंगडायला लागली. त्या म्हाताऱ्याची पाठ धरली होती बहुतेक, त्याला वाकता येईना. दुभाष्याचं काम करणारी मुलगी घाबरून लांब उभी राहिली. आणि मग शिवशंकरनं, ऑफिसात एसी कमी झाला तरी शिपायावर ओरडणाऱ्या ह्या माणसानं, बाह्या वर केल्या. आता कशी फजिती होते बघू, म्हणून तनुजानं मोबाईल काढून व्हिडिओ चालू केला. हलकेच मागून जाऊन मेंढीचा मागचा पाय धरला, दुसऱ्या हातानं मान वळवली आणि बघता बघता तिला ढुंगणावर बसवलं. मेंढी गप्प. त्यानं खूर बघितला, अडकलेला खडा नखानं उकरून काढला, तिला सोडलं. कळप पांगला होता म्हणून जिभेचं टोक टाळूला लावून हाक मारली, "हुर्र्र्रो, हो हो हो!"

ती हाक तनुजानं लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेली तेव्हा ऐकली होती, आबांच्या तोंडून. तिच्या अंगावर काटा आला. किती वर्षांत नवऱ्याचा चेहरा तिनं असा मोकळा बघितला नव्हता. म्हणजे ह्याला हे सगळं पाहिजेच होतं, फक्त आपलं म्हणून नको होतं. राग बाजूला राहिला आणि तिला त्याची कीव आली. मोबाईल मात्र तिनं शेवटपर्यंत चालूच ठेवला होता, सगळं टिपलं गेलं.

उंच टोपीवाला म्हातारा हसत हसत आला, शिवशंकरचे दोन्ही हात हातात घेऊन काहीतरी बोलला. दुभाषी मुलगी म्हणाली, "ते विचारतायत, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

 तनुजा मनात म्हणाली, सांग. हितं तर कॉलनीतलं कुणी नाही.

"यूट्यूब," शिवशंकर म्हणाला आणि हसला.

तनुजानं पाठ फिरवली आणि एकटीच जीपकडं चालू लागली. परतीच्या विमानातसुद्धा खिडकीकडं तोंड करून बसली.

शनिवारी घरी पोचल्या पोचल्या तिनं आबांना फोन लावला. आबा म्हणाले, "हायेत अजून मेंढरं. गिऱ्हाईक घाई करतंय, मी म्हणलं थांब, पोरगं यायचंय." तनुजा नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. "उद्या सकाळी फर्दापूर. बास."

"उद्या? अगं उद्या संध्याकाळी सगळ्यांना बोलावलंय मी. टीव्हीवर फोटो दाखवायचेत. सोमवारी जाऊ, पक्कं. सुट्टी टाकतो."

"आबा थांबलेत तुमच्यासाठी."

"एका दिवसानं काय होतंय?"

रविवारी संध्याकाळी हॉल भरला. सकाळी सोबत फिरायला जाणारी मंडळी, त्यांच्या बायका, द्वारकाबाई. तनुजा आत भजी तळत होती आणि प्रत्येक घाण्यासोबत तिचं डोकं जास्त तापत होतं. बाहेर शिवशंकर 'भटकी जीवनशैली' आणि 'निसर्गाशी नातं' असलं काय काय बोलत होता. मेंढीचा व्हिडिओ लागला तसा टाळ्यांचा कडकडाट झाला. गोकुळराव म्हणून एक निवृत्त प्राध्यापक होते, ते मोठ्यानं म्हणाले, "क्या बात है साहेब! तुम्ही तर जन्माचे मेंढके वाटता की हो!"

सगळे हसले. शिवशंकरही हसला, पण त्याचे कान लाल झाले. "छे छे, आपल्याला कुठलं जमतंय, सहज केलं," तो म्हणाला.

भज्यांची ताटली घेऊन तनुजा दारातच उभी होती. तिनं ताटली टीपॉयवर आदळली. "जन्माचेच हायेत ते," ती म्हणाली. "ह्यांचे आबा आजसुद्धा फर्दापूरला मेंढरं राखतात. ही हाक त्यांची हाय. ह्यांच्या शिक्षणाची फीसुद्धा मेंढरं विकून भरलीय. घ्या, भजी घ्या, गार होतील."

गोकुळरावांनी एक भजं उचललं आणि ताटलीत परत ठेवलं. मग द्वारकाबाई म्हणाल्या, "अगं बाई, मग एवढ्या लांब कशाला गेलात?" त्यांनी ते अगदी साधेपणानं विचारलं होतं. तेच शिवशंकरला जास्त लागलं असावं. पाहुणे गेल्यावर तो तनुजावर ओरडेल असं तिला वाटलं होतं, तिनं उत्तरंही तयार ठेवली होती. तो ओरडला नाही. माळ्याकडं बघत नुसता बसून राहिला.

सोमवारी सकाळी दोघं निघाली. सिल्लोड मागं पडलं. फर्दापूरच्या अलीकडं गाडी कच्च्या रस्त्याला लागली, तसा तो म्हणाला, "आज दिवसभर थांबू. उद्याही थांबू वाटलं तर."

बाभळीखाली आबा बसले होते. बाजूला त्यांचा कुत्रा भुऱ्या पाय ताणून झोपला होता. मेखा रोवलेल्या होत्या, जाळी लावलेली होती. आत नुसत्या लेंड्या.

"आबा, मेंढरं?" शिवशंकरनं विचारलं.

"काल सांच्याला नेली," आबा म्हणाले. "गिऱ्हाईक टेम्पोच घेऊन आलं. म्हणलं, आज दे नाय तर व्यवहार मोडला. मी अंधार पडंस्तोवर थांबवलं त्याला." मग तनुजाकडं वळून म्हणाले, "बस पोरी, उन्हातून आलीस. कसा काय झाला तुमचा परवास?"

तनुजानं मोबाईल काढला आणि तो व्हिडिओ लावून आबांच्या हातात दिला. आबांनी तो डोळ्यांजवळ धरून पूर्ण बघितला. पुन्हा लावायला सांगितला.

"पाय बराबर धरलास," ते म्हणाले. "मान जरा जास्त दाबलीस." मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, "त्या लोकांनी इचारलं नाय का, कुणी शिकवलं म्हणून?"

एरवी अशा वेळी तनुजा पटकन मध्ये पडायची, विषय बदलायची, नवऱ्याची लाज राखायची. आज तिनं ठरवलं, नाही. आज आपण एक अक्षर बोलायचं नाही.

"इचारलं," शिवशंकर म्हणाला. "म्या म्हणलो, मोबाईलवर बघून शिकलो. आबा, तुमचं नाव नाय घेतलं."

आबांनी रिकाम्या जाळीकडं एकदा बघितलं. मग मोबाईल तनुजाला परत देत म्हणाले, "ह्याच्यात हाक नीट ऐकू येत नाय. मार बरं एकदा."

"आता? कुणाला?"

"मार की. मला ऐकू दे."

शिवशंकर उठून उभा राहिला. त्यानं जिभेचं टोक टाळूला लावलं आणि सगळ्या छातीनं हाक मारली, "हुर्र्र्रो, हो हो हो!"

झोपलेला भुऱ्या ताडकन उठला आणि बांधाकडं धावत सुटला. पार टोकापर्यंत गेला, वळला, सगळ्या रानाला एक मोठा वळसा घातला, मध्येच थांबून इकडं तिकडं बघितलं. मग धापा टाकत परत आला, आबांना ओलांडून सरळ शिवशंकरपुढं येऊन उभा राहिला आणि तोंड वर करून बघत राहिला. हाक त्यानं मारली होती, तेव्हा मेंढरं कुठं आहेत हे त्यानंच सांगायला पाहिजे होतं.