काकूशिवाय फोन

आमच्या ऑफिसात फोन वाजला की काकू तो उचलायची आणि मग ऑफिस डोक्यावर घ्यायची. फोन कुणासाठी आहे ते कळलं, की रिसीव्हरवर हात ठेवून ती हाक मारायची. आमचा धंदा फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचा. पुढे ऑफिस, मधे स्टोअर, मागे वर्कशॉप, आणि काकूचा आवाज तिन्ही खोल्या ओलांडून मागच्या गल्लीपर्यंत जायचा. ज्याच्या नावानं हाक आली तो हात पुसत यायचा, काकूच्या टेबलाशी उभा राहून बोलायचा आणि परत कामाला लागायचा. खरं तर प्रत्येकाच्या टेबलावर फोन होता. पण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत कुणी कुणाला फोन लावलेला मी कधी पाहिला नाही.

मी या घरातली पुतणी. कंप्युटर शिकले, त्यामुळे ज्याला वायर आहे ते सगळं माझ्या गळ्यात. मला राग पटकन येतो, असं घरात सगळे म्हणतात. म्हणू देत. त्यांना कधी प्रिंटरशी भांडावं लागत नाही.

त्या वर्षी ताईला, म्हणजे काकूच्या मुलीला, दिवस गेले. ताई लांब राहते, विमानानं जावं लागतं इतकी लांब. काकूच्या मनात काय चाललंय ते न सांगताही कळत होतं. कपाटावरची मोठी बॅग तिनं उगाचच पुसून ठेवली होती. काकांनी कधी जाऊ नकोस म्हटलं नाही. ते फक्त विचारायचे, "आणि फोनचं काय?" मग विषय तिथेच राहायचा.

त्यातच सगळ्या टेबलांवरचे फोन ज्याला जोडलेले होते, तो भिंतीवरचा जुना टेलिफोनचा डबा खरखरायला लागला. त्याचे सुटे भाग आता कुठेच मिळत नव्हते. मी संधी साधली. काकांना म्हटलं, आपण फोनची सगळी यंत्रणा कंप्युटरवर नेऊ. गिऱ्हाइकानं फोन केला की एक दाबा, दोन दाबा असं ऐकू येईल आणि फोन थेट योग्य टेबलावर वाजेल. मधे कुणी हाक मारायला नको.

काकांनी विचारलं, यासाठी कुठला कंप्युटर आणणार? मी म्हटलं, आणायचा नाही. बिलं आणि हिशेब ठेवणारा मोठा कंप्युटर, म्हणजे आपला सर्व्हर, आहे ना, त्याच्या आतच दुसरा एक कंप्युटर तयार करायचा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. तो दिसत नाही, हाताला लागत नाही, पण काम खऱ्यासारखं करतो. काकांनी सर्व्हरच्या मागे वाकून बघितलं. हयातभर जे उघडून बघता येतं तेच दुरुस्त करत आलेला माणूस तो. शेवटी म्हणाले, "म्हणजे खोटा कंप्युटर." त्या दिवसापासून त्याचं नाव खोट्या पडलं.

खोट्या उभा राहिला आणि बरा चालू लागला. ऑफिस बंद झाल्यावर गिऱ्हाइकांना ऐकवायचा निरोप मी काकूच्याच आवाजात रेकॉर्ड करून घेतला. मी लिहून दिलेली दोन वाक्यं तिनं बाजूला ठेवली आणि स्वतःचं सुरू केलं: "ऑफिस आता बंद आहे, उद्या सकाळी फोन करा. तोवर फ्रिजचं दार सारखं उघडून बघू नका, आतला गारवा जातो. आणि प्लग नीट बसलाय ना, तेवढं बघून घ्या." मी तो तसाच ठेवला. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

मग काकांनी परीक्षा ठरवली. एक अख्खा दिवस काकू घरी बसेल. फोन सुरळीत चालले तर तिनं खुशाल ताईकडे जावं. गोंधळ झाला तर जुना डबा परत लागेल आणि काकू परत खुर्चीवर बसेल. काकू हो म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला. माझाही जीव टांगणीला लागला, कारण आता तिचं जाणं खोट्याच्या हातात होतं, आणि खोट्या माझ्या.

काकांचं एक ठाम मत आहे. प्रत्येक यंत्राला रात्री विश्रांती हवी. रोज निघताना ते एकेक बटण बंद करत सगळं दुकान फिरतात. सर्व्हरला हात लावायचा नाही, अशी मी तंबीच दिली होती. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मात्र निदान त्या खोट्याला तरी झोपू दे, उद्या त्याची परीक्षा आहे, अशी त्यांनी इतकी गळ घातली, की मला हसू आलं. ऑफिस बंद झालं होतं. मी खोट्याला होता तिथे थांबवला आणि सकाळी आल्याबरोबर पुन्हा सुरू केला. तो एका क्षणात जागा झाला. काका खूश झाले.

परीक्षेत कॉपी नको म्हणून काकांनी सगळ्यांचे मोबाइल गोळा केले आणि बंद करून आपल्या खणात टाकले. काकूला फोन करून कुणी काही विचारायचं नाही. मग आम्ही आपापल्या जागी बसलो.

फोन वाजलाच नाही. सुरुवातीला मला वाटलं, सकाळची वेळ आहे. नंतर वाटलं, आज लोकांचे फ्रिज बरे चालले आहेत. स्टोअरवाली म्हणाली, इतकी शांतता तिनं या ऑफिसात कधी अनुभवली नव्हती. फ्रिजवाले दादा, आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक, चक्क शीळ घालत होते. काका माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, खोट्या भलताच गुणी निघाला. माझी छाती फुगली. फोन येत नाहीत म्हणजे फोन चांगले चालले आहेत, हे आम्हा सगळ्यांना एकदम पटलं. एखादा फोन लावून बघावा, हे कुणालाच सुचलं नाही.

दुपार व्हायच्या आधी काकू धापा टाकत दारात उभी राहिली. केस अर्धे विंचरलेले, हातात घराची किल्ली. तिनं आधी काकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मग भिंतीजवळच्या खुर्चीत बसली. तिला राहवलं नव्हतं, म्हणून तिनं ऑफिसात फोन केला होता, तर तिचाच आवाज तिला सांगत होता की ऑफिस बंद आहे. पुन्हा केला, पुन्हा तेच. काकांचा मोबाइल बंद, माझाही बंद. भर दिवसा ऑफिस बंद म्हणजे काकांना काहीतरी झालं आणि सगळे दवाखान्यात गेले, अशी तिची खात्रीच झाली होती.

मी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. त्याच्या पडद्यावर रात्र झाली होती. मी कपाळावर हात मारला. खोट्याला काल जिथे थांबवला, तिथूनच त्याचं घड्याळ पुढे चालू लागलं होतं. त्याच्या लेखी आम्ही केव्हाच घरी गेलो होतो. सकाळपासून प्रत्येक गिऱ्हाइकाला तो काकूच्या आवाजात प्लग तपासायला सांगत बसला होता.

घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जोडायला फार वेळ लागला नाही. सेटिंगमध्ये एक खूण करायची राहिली होती, एवढंच. पण काका खुर्चीत बसले आणि म्हणाले, झालं, परीक्षा नापास. जुना डबा लाव. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकू बोलली. आवाज न चढवता बोलली, म्हणून सगळे ऐकू लागले.

"मला जायचंय. तिला कधी नव्हे ते मी हवीये आणि मला जायचंय."

काकांनी टेबलावरचा फोन जरा दूर सरकवला. मग म्हणाले, "लोक तुला फोन करतात गं. मला कोण करतंय? तू नसलीस तर मी काय बोलू त्यांच्याशी?"

मी इतकी वर्षं समजत होते की काकांना फोनची काळजी आहे. त्यांना भीती वाटत होती. मला एकदम त्यांच्याबद्दल माया वाटली.

तेवढ्यात फोन वाजले, सगळे एकदम. काकूचे हात शिवशिवायला लागले. तिनं ते मांडीवर घट्ट धरून ठेवले. फ्रिजवाल्या दादांनी वर्कशॉपमधला फोन उचलला आणि सवयीनं इतक्या मोठ्यानं बोलले, की गिऱ्हाइकाला फोनशिवायही ऐकू गेलं असेल. स्टोअरवालीनं चुकीचं बटण दाबून दोन गिऱ्हाइकांची एकमेकांशी गाठ घालून दिली. आपापल्या वॉशिंग मशीनबद्दल ती दोघं चांगली रंगून बोलली, म्हणे. मी पळत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जात होते. एकच फोन वाजत राहिला, काकांच्या टेबलावरचा.

काकांनी तो उचलला. पलीकडे शेजारच्या रस्त्यावरच्या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचा आवाज आम्हाला इथवर येत होता. त्या काकूशिवाय कुणाशीच बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, ती कुठे आहे, तिला द्या.

काकू समोरच बसली होती. ती अर्धी उठली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि फोनमध्ये म्हणाले, "ती नाहीये. लेकीकडे गेलीय, आमच्याकडे बाळ येणार आहे. हो, बरेच महिने. तोवर मी आहे, मला सांगा. काय झालंय फ्रिजला?"

पलीकडून शिक्षिका सांगू लागल्या. काका पेन शोधत ऐकू लागले. काकूनं हातातली किल्ली पाहिली, पदर सावरला आणि बॅग भरायला घरी गेली.