ट्रॅक्टरचं तेल

ब्राह्मणपुरीच्या शांतीलालनानाला साऱ्या जगात दोनच माणसं लुटारू वाटायची. एक केळीचा व्यापारी, दुसरा गाडीचा सर्व्हिसवाला. व्यापाऱ्यापुढे त्याचं काही चालत नसे. सर्व्हिसवाल्याचा काटा मात्र त्याने फुकटची तीन सर्व्हिसिंग संपताच काढला. नव्या गाडीतलं तेल शेडमध्येच उतरवलं आणि ट्रॅक्टरसाठी आणलेल्या पिंपातलं तेल तिच्यात ओतलं.

नानाकडे सहा वर्षांपासून भिलाटीतला, म्हणजे गावाच्या कडेच्या भिल्लवस्तीतला वाहरू ड्रायव्हर होता. दहावी शिकलेला, गाडीसोबत आलेलं पुस्तक त्याने दोनदा वाचलं होतं. त्याने हळूच सांगितलं, की या इंजिनाला पातळ तेल लागतं, घट्ट तेलात त्याला फिरायलाच जोर करावा लागेल आणि गाडी पेट्रोल जास्त खाईल. नाना हसला. ज्या तेलावर ट्रॅक्टर काळी जमीन फाडतो, त्यावर ही डबी चालणार नाही? ड्रायव्हरने पुस्तक वाचावं हेच मुळात त्याला रुचलं नव्हतं.

लिटरला अठरा धावणारी गाडी साडेसोळावर आली. नाना टाकी गच्च भरून, किलोमीटर पाहून ॲव्हरेज काढायचा; आकडा आपोआप दाखवणारं मॉडेल महाग म्हणून त्याने घेतलंच नव्हतं. सुरतेहून मुलगा मिथुन आला. त्याने सल्ला दिला, साधं पेट्रोल बंद करा, पंपावरचं ते भारीतलं टाका. पी हळद आणि हो गोरी! वाहरू म्हणाला, पुस्तकात साधंच सांगितलंय, भारीतल्याने या इंजिनाला काही फरक पडणार नाही. पण त्याला विचारतो कोण? दोन महिने महागडं पेट्रोल जाळलं आणि गाडी होती तिथेच राहिली.

मग नानाचं डोकं चाललं, आणि चाललं ते सरळ भिलाटीकडे. एका सकाळी तो वाहरूच्या दारात येऊन उभा राहिला. वाहरूची बायको फुलवंताबाई भाकरी थापत होती. कोपऱ्यातला कॅन नानाने उचलला, झाकण काढलं आणि नाक लावून वास घेतला. आत पिण्याचं पाणी होतं. म्हणून काही तो खजील झाला नाही. कॅन खाली ठेवत म्हणाला, “महागनं पेट्रोल टाकं तरी ॲव्हरेज उठत नही. मंग पेट्रोल कोठे जाई ऱ्हायनं, तूच सांग.”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. चोर तर इंजिनात बसला होता आणि नानानेच त्याला आपल्या हाताने आत ओतला होता. वाहरूने आदळआपट केली नाही. चावी काढून दिली आणि एवढंच सांगितलं, की शहाद्याला नथ्थू मिस्त्रीकडे जा, तेल बदला, मग बघा.

नानाने तेवढं मात्र ऐकलं, तेही त्याच आठवड्यात. गाडी पुन्हा अठरावर आली. आणि ओट्यावर बसून नाना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, वाहरू गेला आणि ॲव्हरेज वर आलं. तेल बदलल्याचं त्याने कुणाला सांगितलं नाही.

कळसाडीचा जगदीशभाई केळीच्या टेम्पोवर माणूस शोधत होता. वाहरू गेला, तर त्याने चहा पाजला आणि माणूस मिळाला म्हणून सांगितलं. टेम्पो पुढे पंधरा दिवस दारातच उभा होता. हातावर पोट असणं वाहरूला नवीन नव्हतं. चोर म्हणवून घेणं नवीन होतं, आणि ते काही त्याला गिळवेना.

शेवटी तो नानाच्या अंगणात गेला. दोष तेलाचा होता, वाहरूचा नव्हता, हे चार माणसांत एकदा बोला, एवढंच त्याचं मागणं होतं. नाना अडकित्त्याने सुपारी कातरत राहिला.

“तेल बदलं आनि तू गया. दोन्ही गोष्टी एकच हप्तामा व्हयन्यात. मी कोनती खरी मानू?”

“मंग माले महिनाभर परत ठेवा, नाना. पगार नको. ॲव्हरेज पडनं तं गावना समोर चोर म्हना.”

“आनि नही पडनं तं?”

नानाने तळहातावरचा चुरा झटकला.

“नही पडनं तं गाव माले काय म्हनी?”

एवढं बोलून तो आत निघून गेला. म्हणजे नानाला खरं काय ते केव्हाच कळलं होतं, आणि कळलं होतं म्हणूनच तो वाहरूला पुन्हा गाडीजवळ फिरकू देणार नव्हता. असा संताप वाहरूला उभ्या आयुष्यात आला नव्हता, आणि तो काढायला समोर माणूसही उरला नव्हता.

दिवाळीनंतर वाहरू आणि फुलवंताबाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर गुजरातेत गेले. तिथे मुकादमाला ट्रकवर एक माणूस हवा होता. गाडी चालवता येते का, असं तो टोळीतल्या एकेकाला विचारत आला. वाहरूची पाळी आली तेव्हा फुलवंताबाईने कोयता थांबवून नवऱ्याकडे पाहिलं.

वाहरू म्हणाला, येत नाही.