आरसा नसलेला कॅमेरा

ओमुरबेकांच्या घरात भांडणाशिवाय बटाटेसुद्धा येत नसत. लाल घ्यायचे की पांढरे, ओश बाजारातून की कोपऱ्यावरच्या बाईकडून, यावर बाप-लेकीची जुंपायची आणि शेवटी आई दोघांना स्वयंपाकघरातून हाकलायची. तेव्हा कॅमेऱ्याचं भांडण अख्खा हिवाळा चाललं याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

ओमुरबेकांनी सगळी नोकरी भूगर्भवाल्यांचा ट्रक चालवण्यात काढली होती. रस्ता संपेल तिथे ते ट्रक उभा करत, चाकांखाली दगड लावत आणि चहा ठेवत. साहेब लोक फोटो काढत. कॅमेरा कचेरीचा, ड्रायव्हरने त्याला हात लावायचा नसे. उलट कुणीतरी म्हणे, "ओमुरबेक, जरा बाजूला घे, ट्रक येतोय मध्ये." निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट मनात घेतली होती. त्याच वाटांनी पुन्हा जायचं, नारिन नदीच्या वर, जुन्या तळांपर्यंत, आणि या वेळी फोटो आपण काढायचे. सप्टेंबर ठरला होता. तेव्हा नद्यांचं पाणी उतरतं आणि हवा स्वच्छ असते.

लेक चोल्पोनाय एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची. तिला हलका कॅमेरा हवा होता. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, चित्र टिपणारा सेन्सर लहान असलेला, ज्याच्या लेन्सही कोटाच्या खिशात मावतील असा. बापाला, तिच्या अताकेंना, मोठ्या सेन्सरचा हवा होता.

"अताके, तुमच्या खांद्याचं वय काय? चढ चढताना गळ्यात कलिंगड बांधून जाणार आहात का?"

"तू पुस्तकं वाचतेस, पोरी. तुला सगळं पडल्या पडल्या हातात धरता येईल असं लागतं."

"आणि तुम्ही ट्रक चालवलात म्हणून कॅमेऱ्यालाही सहा चाकं हवीत."

असं रविवार-रविवार चालायचं. मग मे महिन्यात त्यांच्या पोटात दुखू लागलं.

दवाखान्याच्या बोळात डॉक्टरने चोल्पोनायला आणि तिच्या भावाला, तालांतला, बाजूला घेतलं आणि जे होतं ते सांगितलं. शरद ऋतूपर्यंत ते राहतील का, हेही तो नक्की सांगू शकत नव्हता. आत पलंगावरच्या माणसाला मात्र सांगितलं गेलं की पित्ताशयाला सूज आहे, पथ्य पाळा. त्यात वेगळं काही नव्हतं. सगळ्यांच्या घरी असंच करतात. आजाऱ्याला त्याच्या मरणाचं नाव ऐकवणारे लोक कसले?

त्या संध्याकाळी आपाने, म्हणजे आईने, दोन्ही मुलांना समोर बसवलं. "त्याला कळलं तर तो भिंतीकडे तोंड करून झोपेल आणि परत उठणार नाही. मी ओळखते त्याला. कुणी चेहरा पाडायचा नाही. कुणी रडायचं नाही. नेहमीसारखं वागायचं."

जूनमध्ये एका सकाळी ओमुरबेक दाढी करून, टोपी घालून दारात उभे राहिले. अंगावरचा कोट त्यांना मोठा होऊ लागला होता. "चल पोरी, कॅमेरा घेऊन टाकू. दुकानात भांडू, घरी तुझी आई ऐकते."

आपाने चोल्पोनायचा दंड दाबला. "नेहमीसारखी," ती पुटपुटली.

बाहेर पॉपलरच्या झाडांचा कापूस उडत होता. फुटपाथच्या कडेला त्याचे पांढरे ढिगारे साचले होते. दुकान गालिना पेत्रोव्ना नावाच्या रशियन बाईचं होतं. काउंटरमागे ती विणकाम करत बसलेली असे, आणि गिऱ्हाईक खरेदीला आलंय की वेळ काढायला, हे चष्म्यावरून एकदा बघून ठरवत असे.

"दार लावा, अक्साकाल, कापूस आत येतोय. हा कापूस सेन्सरवर बसला की माणसं माझ्याच नावाने ओरडतात." म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना ती मानाने अक्साकालच म्हणे.

"मग सांगा, डोंगरात लेन्स बदलायची कशी? तिथे तर धूळ."

"गाडीत बसून. काचा लावून. श्वास रोखून."

ओमुरबेकांना बाई आवडली. तिने मोठा कॅमेरा पुढे ठेवला. त्यांनी लेन्स काढायला लावली, आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "आरसा कुठे गेला?"

"नाहीच आहे. म्हणून तर लहान झालाय."

"मग मी बघतो कशातून?"

"डोळा लावा. आत एक छोटा पडदा आहे."

त्यांनी डोळा लावला. कॅमेरा खिडकीकडे वळवला, मग लेकीकडे. "म्हणजे मी तुला बघत नाहीये, तुझं चित्र बघतोय."

"फरक काय पडतो, अक्साकाल?"

"बाईसाहेब, मी आयुष्यभर काचेतून रस्ता बघितला. रस्त्याचं चित्र बघितलं असतं तर आज तुमच्या दुकानात नसतो." आणि ते मनापासून हसले. हसताना त्यांनी एक हात बरगडीखाली दाबून धरला.

चोल्पोनायने तो हात पाहिला. तिथेच तिचं चुकलं.

ओमुरबेकांनी काउंटरवर पुढची वर्षं मांडायला घेतली. यंदा ही बॉडी आणि ही एक लेन्स. पुढच्या वर्षी लांबची लेन्स, कड्यावरची रानबकरी टिपायला. त्यानंतर रुंद, अख्खी दरी एका फोटोत यावी म्हणून. "बॉडी मोडली तरी लेन्स राहतात ना? म्हणजे एंजिन बदललं तरी सांगाडा तोच. मग मोठाच घ्यायचा. काय गं?"

हिवाळाभर याच वाक्यावर तिने दात-ओठ खाल्ले होते. वजनं पाठ होती, उत्तरं तयार होती. पण तिला त्या सैल कोटातले खांदे दिसत होते.

"घ्या ना, अताके. तुम्हाला आवडलाय तर मोठाच घ्या."

ओमुरबेकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"जड आहे पण," ते म्हणाले.

"चालेल की. मी उचलीन."

त्यांनी कॅमेरा एकदा तळहातावर तोलून पाहिला. मग कपाटातल्या सगळ्यात वरच्या खणाकडे त्यांनी बोट दाखवलं. तिथे एक पांढरी लेन्स होती, बाळाला घ्यावं तशी दोन्ही हातांनी उचलायची. "ती पण घेऊ. पुढच्या वर्षी कशाला? आजच."

ती लेन्स खेळाच्या मैदानावर तिवईला लावून वापरायची होती. ती डोंगरात नेणाऱ्याला कुणीही वेड्यात काढलं असतं. तिची किंमत सांगताना गालिना पेत्रोव्नाच्या स्वतःच्याच हातातल्या सुया थांबल्या. ती चोल्पोनायकडे बघू लागली, आता ही पोरगी काय म्हणते म्हणून.

"घेऊया," चोल्पोनाय म्हणाली.

ओमुरबेकांनी कॅमेरा काउंटरवर हळूच ठेवला. पट्टा नीट गुंडाळून बाजूला केला. मग तिथल्या स्टुलावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पाणी मिळेल का, बाईसाहेब?"

गालिना पेत्रोव्ना पाणी आणायला आत गेली. दुकानात बाप-लेक दोघंच उरले. ओमुरबेकांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, रागही नव्हता. एखादा ड्रायव्हर मैलोन्‌मैल आपल्या ट्रकचा आवाज ऐकत आलेला असतो, आणि अचानक तो आवाज बदलतो, तसं ते ऐकत होते.

त्यांच्या लक्षात आलंय, हे चोल्पोनायला कळलं. पण तिने सावरायची धडपड केली. "नको! काय वेडेपणा आहे हा?" ती मोठ्याने म्हणाली, फारच मोठ्याने. "ही तोफ घेऊन कुठे जाणार? बकरी हसतील तुम्हाला! मी सांगत आले हिवाळाभर, लहान घ्या, लहान घ्या, पण या घरात माझं कुणी..." इथे तिचा आवाज फाटला. तिने खोकल्यासारखं केलं.

"तुला माहितीये लहान सेन्सरने अंधारात दाणे दाणे येतात?" ओमुरबेक स्टुलावरूनच म्हणाले.

"अंधारात तुम्ही झोपता! फोटो कुठे काढता?"

"आणि थंडीत बॅटरी?"

"खिशात ठेवायची. छातीशी. लहान असली तर राहते छातीशी!"

गालिना पेत्रोव्ना पेला घेऊन आली ती दारातच थबकली. "अरे देवा, मी तर घाबरले होते. आता कसे बाप-लेक वाटताय."

ओमुरबेक पाणी प्यायले. त्यांनी पेला परत दिला. "हरलो," ते म्हणाले. "लहान दाखवा, बाईसाहेब. एक लेन्स. जवळचंही दिसेल आणि लांबचंही, अशी एकच. बदलायला नको."

चोल्पोनाय जन्माला आल्यापासून ते तिच्याशी कुठल्या भांडणात हरले नव्हते.

लहान कॅमेरा त्यांच्या तळहातावर जवळजवळ दिसेनासा झाला. त्यांनी बटणं दाबून पाहिली, हातमोजा चढवून पुन्हा दाबली, बॅटरीचं झाकण उघडलं, लावलं. मग विचारलं, "आवडला नाही तर बदलून देता?"

"दोन आठवड्यांत आणलात तर. ओरखडा नको."

"दोन आठवडे," ते म्हणाले, आणि मान डोलावली.

बाहेर ओकच्या सावलीत बाक होतं. तिथे ते बसले. खोकं मांडीवर. कापूस त्यांच्या टोपीवर येऊन बसत होता आणि चोल्पोनाय तो उचलत नव्हती, कारण हात वर केला असता तर ती रडली असती.

"डॉक्टर काय म्हणाला ते मला सांगू नकोस," ओमुरबेक म्हणाले. "संशय होता. माणसाला स्वतःच्या गाडीचं कळतं. पण तुम्ही सगळे इतकं छान वागत होतात, मी म्हटलं, असेल बुवा पित्ताशय."

"अताके..."

"ऐक. तुझ्या आईला वाटतंय मला माहीत नाही. तिला तसंच वाटू दे. तिच्या जिवाला तेवढाच आधार आहे. दिवसभर मला फसवते, सूप करते, ओरडते, त्यात तिचा दिवस जातो. मला कळलंय हे तिला कळलं, की आम्ही दोघं समोरासमोर बसू, आणि ती कोसळेल. कळलं?"

तिने मान हलवली.

"सप्टेंबर लांब आहे. याच आठवड्यात जाऊ. तालांतला गाडी काढायला सांग. आईला सांगू, दोन आठवड्यांत बदलून मिळतो म्हणून डोंगरात नेऊन बघायचा आहे. खोटंही नाही." ते थोडं थांबले. "तुझा कॅमेरा चांगला आहे. हलका आहे. मी उगाच भांडत होतो. भांडण संपलं असतं तर रविवारी काय बोललो असतो तुझ्याशी?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. खोक्यावरचा कापूस फुंकरीने उडवून ते उठले. उठताना त्यांनी तिचा खांदा धरला आणि बसथांब्यापर्यंत सोडला नाही.

घरी आपाने नान भाजून फडक्यात गुंडाळून ठेवले होते. कॅमेरा पाहून तिने नाक मुरडलं. "एवढासा? यासाठी सकाळपासून गेला होतात?" ओमुरबेकांनी तिथेच तिचा फोटो काढला, पीठ लागलेल्या हातांनी ती तोंड झाकत असताना. मग डोंगरात जायचं आत्ताच, याच आठवड्यात, असं जाहीर करून ते आतल्या खोलीत जरा आडवे झाले.

आपाने स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"याच आठवड्यात का?"

"बदलून मिळतो ना, आपा. दोन आठवड्यांत. आधी बघायला हवा."

"सप्टेंबर, सप्टेंबर म्हणत होता वर्षभर. आज एकदम काय झालं? माझ्याकडे बघ. त्याला काही कळलं का?"

"नाही."

"भांडलात का दुकानात?"

"भांडलो."

"कोण जिंकलं?"

'मी' म्हणायची सोय नव्हती; चोल्पोनाय नानवरच्या फडक्याची घडी सारखी करू लागली. आपा तिच्याकडे रोखून बघत राहिली. मग तिने फडकं उलगडलं, एक गरम नान काढला आणि लेकीच्या हातात ठेवला. "शपथ घे."

नानची शपथ या घरात कुणी चेष्टेतही घेत नसे. चोल्पोनायने लहानपणी एकदा नानचा तुकडा जमिनीवर टाकला होता, तेव्हा याच आईने तिला तो उचलून कपाळाला लावायला लावला होता.

"घे म्हणते ना."

चोल्पोनायने नान दोन्ही हातांत धरला. तो इतका गरम होता की बोटं आपोआप हलत होती. "अताकेंना काही कळलेलं नाही," ती म्हणाली. "खोटं बोलत असेन तर हा नान मला मारो." आणि रीतीप्रमाणे एक तुकडा मोडून तोंडात घातला.

आपाचे खांदे खाली आले. महिनाभर ते तसे खाली आलेच नव्हते. तिने ओढणीच्या टोकाने डोळे टिपले, आणि दुसऱ्याच क्षणी दार उघडून आतल्या खोलीकडे ओरडली, "म्हाताऱ्या! दोन लोकरी बनियनी घ्यायच्या, ऐकतोस का? मला कारणं सांगू नकोस!"

"एक पुरे!" आतून आवाज आला. "कॅमेऱ्याला जागा लागते!"

"त्या डबीला? जागा?"

ती तरातरा आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, मग दोघांचे एकमेकांवर चढणारे आवाज.

चोल्पोनाय स्वयंपाकघरात उभी होती. तुकडा तोंडातच होता, चावला जात नव्हता, गिळला जात नव्हता. थुंकणं शक्य नव्हतं, नान कुणी थुंकत नाही. तिने कालचा गार चहा पेल्यात ओतला, मोठा घोट घेतला आणि तो तुकडा खाली ढकलला.