देव्हाऱ्याशेजारची पहार

मी एक जुनी पहार आहे. तुळजापूर तालुक्यातल्या तामलवाडीच्या शिवारात माझं आयुष्य गेलं. मित्रांनो, खडक फोडणारी म्हटल्यावर मी तुम्हाला रुक्ष वाटेन. थोडी आहेच. गोड बोलून मुरूम निघत नाही.

गावच्या लोहारानं मला भट्टीत तापवून घडवलं आणि बब्रुवान नावाचा शेतकरी मला घरी घेऊन आला. बहात्तरचा दुष्काळ होता, नदीत वाळू तेवढी उरली होती. बब्रुवान आणि त्याची बायको कमलबाई यांनी रानात विहीर खणायला घेतली. तो माझ्या टोकानं दगड उचकटायचा, ती पाटी भरून वर न्यायची. हातांना फोड आले, तरी दोघं खुशीत असायची. दुपारी तळाशी बसून भाकरी खाताना आज ओल लागणार की नाही यावर पैजा लावायची. बब्रुवान बहुधा हरायचा आणि हरल्यावर आणखी जोरात हसायचा.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी लागलं. बब्रुवानची आई विठाबाई हिनं मला धुतलं, हळदकुंकू वाहिलं आणि देव्हाऱ्याशेजारी उभं केलं. त्या घरची रीतच होती. पाणी लागलेली पहार पुन्हा कामाला लावायची नाही आणि दुसऱ्याला तर द्यायचीच नाही, नाहीतर पाणी तिच्यामागं निघून जातं. सुरुवातीला मी फुशारले. मान कुणाला नको असतो? मग हळूहळू माझ्या टोकाला गंज चढला.

बब्रुवानचंही तसंच झालं. विहिरीवर इंजिन बसलं, रान हिरवं झालं, आणि हा बांधावर गप्प बसून राहायचा. ताटातली भाकरी अर्धी टाकायचा. कमलबाई धास्तावली.

"पाणी लागलं, आता कशाची काळजी हाय तुमास्नी?"

"काळजी न्हाय, तेच तर," तो म्हणाला. "सकाळी उठून कशाच्या मागं लागावं, तेच कळंना झालंय."

अशात एके दिवशी बुद्धवाड्यातला मच्छिंद्र दारात आला. त्याची बायको सुमनबाई लांबून डोक्यावर पाणी वाहून थकली होती आणि त्यांची विहीर काळ्या खडकाला अडली होती. "दादा, तुमची पहार मिळंल का?" त्यानं विचारलं.

"देवाजवळची हाय ती," विठाबाई आतून म्हणाली. "ती गेली म्हंजी आमचं पाणी गेलं."

मच्छिंद्र मान खाली घालून वळला. तेवढ्यात बब्रुवाननं मला उचललं. "आई, पहार एकटी जात न्हाय. मी संगं चाललोय."

विठाबाईनं अबोला धरला. रोज सकाळी ती विहिरीत डोकावून पाणी बघायची. ते होतं तिथंच होतं.

मच्छिंद्रच्या विहिरीतला तो खडक लई चिवट होता. माझं टोक कितीदा बोथट झालं आणि कितीदा लोहाराकडे गेलं, काही विचारू नका. पण माझा गंज गेला. दुपारी बब्रुवान सुमनबाईच्या हातची भाकरी खाऊ लागला. आमच्या घरातल्या कुणी त्या वस्तीतली भाकरी तोवर खाल्ली नव्हती. पैजाही सुरू झाल्या.

एक उन्हाळा गेला, दुसरा आला. मच्छिंद्र खचला. बब्रुवान त्याला म्हणाला, "पाणी लागंल तवा लागंल. पर खणतानाबी लई सुख वाटतंय बघ."

"तुमास्नी सुख वाटतंय दादा, घसा आमचा कोरडा हाय," मच्छिंद्र म्हणाला आणि दोघंही हसले. मग मच्छिंद्रनंच मला हातात घेतलं.

शेवटी एका सकाळी खडकाच्या फटीतून पाणी आलं. सुमनबाई रडली. बब्रुवानही आनंदला, पण जरा वेळानं काठावर जाऊन गप्प बसला.

विठाबाई कुंकवाचं ताट घेऊन मला न्यायला आली होती. तिनं मला बघितलं, मग लेकाचा चेहरा बघितला. ताट तिनं खाली ठेवलं आणि मला उचलून त्याच्या हातात दिलं.

"शेजारचा गुंडाप्पा कालच हिरीचं इचारत हुता," ती म्हणाली. "त्याच्या रानात जागा बघून ये जा."

मित्रांनो, त्यानंतर मी खूप खणलं. कुठं पाणी लागलं, कुठं नाही. आता मी वीतभर झिजले आहे. घरातली अवजारं पुसून कोरडी ठेवा, पण त्यांचं काम काढून घेऊ नका. आणि घरातलं एखादं माणूस सगळं मिळूनही गप्प बसलेलं दिसलं, तर आता काय करावंसं वाटतं, एवढं त्याला विचारा.