ॲरिझोनातले दोन सूर्य

अंबूताई अमेरिकेहून परतल्या तेव्हा त्यांच्याबरोबर चॉकलेटं, कुणालाच न बसणारे टी-शर्ट आणि शेकड्यांनी फोटो आले. चॉकलेटं पहिल्याच दिवशी संपली. टी-शर्ट यथावकाश फरशी पुसायला लागले. फोटो मात्र सगळ्यांना बघावे लागणार होते, त्याला इलाज नव्हता.

दोन हजार पाच-सहाचा तो काळ. धारवाडच्या मळमड्डीतल्या ज्या घरचा मुलगा अमेरिकेत, त्या घरच्या आईवडिलांनी एकदा तरी तिकडे जाऊन येणं मुंजीइतकं अटळ होतं. आणि परत आल्यावर नातेवाइकांना बोलावून, चुरमुऱ्यांचा सुसला आणि चहा देऊन, फोटो दाखवणं सोडमुंजीइतकं.

फोटोंची सीडी करायचं काम धाकट्या जावेकडे, श्यामलाकडे आलं. ती हुबळीला केशवापुरात राहायची आणि तिच्या घरी कॉम्प्युटर होता. तो मूळचा मुलीचा, सावनीचा. सावनी नोकरीला बेंगळूरला गेली, तिथं नवा घेतला आणि जुना आईच्या गळ्यात बांधला. श्यामलाचे यजमान जयतीर्थ रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी कॉम्प्युटरवर क्रोशाचं झाकण घालायला सांगितलं आणि आपला त्याच्याशी असलेला संबंध तिथंच संपवला.

श्यामलानं झाकण काढलं. पत्त्यांचा खेळ खेळून कंटाळा आल्यावर, कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर फुकट आलेल्या एका सीडीत तिला अवकाशयान सापडलं. म्हणजे तसला प्रोग्रॅम. यानात बसायचं, आवडेल तो तारा निवडायचा, त्याच्या एखाद्या ग्रहावर उतरायचं आणि हवं तेवढं भटकायचं. जिंकायचं काही नाही, हरायचं काही नाही, कुणी अंगावर गोळ्या झाडत नाही. श्यामलाचा तोवरचा सगळ्यात लांबचा प्रवास मंत्रालय या तीर्थक्षेत्री स्वामींच्या दर्शनाचा, तोही यजमानांच्या पासावर आणि मधल्या बर्थवर, जिथून खिडकी दिसत नाही. आता दुपारी जेवणं आवरून जयतीर्थ आडवे झाले की ती निघायची. देखावा बरा वाटला की कळ दाबून पडद्यावरचं चित्र जसंच्या तसं साठवून ठेवायची. त्याला स्क्रीनशॉट म्हणतात हे सावनीनं फोनवर शिकवलं होतं.

ती चित्रं ती इंटरनेटवर, त्या प्रोग्रॅमच्या वेड्यांच्या फोरमवर टाकायची. तिथं जगभरचे लोक आपापले ग्रह एकमेकांना दाखवत. फिनलंडचा एक बसचालक आणि ब्राझीलचा एक दंतवैद्य हे श्यामलाचे खास चाहते. "तुम्ही सावल्यांची वेळ फार बरोबर पकडता," असं बसचालकानं एकदा लिहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिनं काही बरोबर पकडलं असं घरात कुणी म्हटलं नव्हतं.

घरच्यांना दाखवून पाहिलं नव्हतं असं नाही. जयतीर्थांनी एक चित्र पाहिलं आणि विचारलं, "याला वीज किती लागते?" चुलत पुतण्या गुरुप्रसाद धारवाडच्या कोर्टात वकिली करायचा आणि जगातल्या कुठल्याही विषयावर त्याचं मत तयार असायचं. त्यानं तर चित्राकडे धड पाहिलंही नाही. "काकू, हे लहान मुलांचं असतं," म्हणाला आणि चहा मागितला.

सीडी करताना श्यामलाकडून एक घोटाळा झाला. अंबूताईंचे फोटो तिनं आपल्या चित्रांच्याच फोल्डरमध्ये उतरवून घेतले होते, आणि सीडीवर सबंध फोल्डर गेलं. मुद्दाम केलं नाही, असं ती देवाची शपथ घेऊन सांगते. आपण विश्वास ठेवावा.

रविवारी संध्याकाळी मळमड्डीला अंबूताईंच्या घरी सगळे जमले. अंबूताई टीव्हीशेजारी हातात पट्टी घेऊन बसल्या. शेषगिरी, त्यांचे यजमान, खुर्चीत बसल्या बसल्या पेंगू लागले. ते स्वतः अमेरिका पाहून आलेले असल्यामुळे त्यांना ती सवलत होती.

पहिला फोटो मुकुलच्या, म्हणजे मुलाच्या गाडीचा. दुसरा त्याच गाडीचा, मागून. तिसऱ्यात गाडी आणि शेषगिरी. मग मुकुलचा फ्रीज. मग फ्रीज, उघडा. मग खिडकीतून दिसणाऱ्या इतरांच्या गाड्या. लोकांनी सुसल्याची दुसरी बशी घेतली. आणि मग एकदम पडद्यावर तांबडा लाल माळ पसरला. पलीकडे करवतीसारखे डोंगर, आणि डोंगरांमागे मावळणारे दोन सूर्य. प्रत्येक दगडाला दोन सावल्या.

बशांमधले चमचे थांबले.

"अय्यो, एष्टु चंद अद!" किती सुंदर आहे, असं मागून कुणीतरी कन्नडमध्ये हरखून म्हणालं. "अंबूताई, हे कुठलं हो?"

श्यामलाचा घास तोंडातच राहिला. तिनं गिळेपर्यंत अंबूताईंनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा झोपलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि पट्टी उचलली.

"हे ना? हे ॲरिझोना."

"पण वहिनी, सूर्य दोन कसे?" जयतीर्थांनी विचारलं. रेल्वेच्या हिशेबखात्यात आयुष्य गेलेलं. एकाच्या जागी दोन दिसले की त्यांना राहवत नसे.

उत्तर गुरुप्रसादनं दिलं. "काका, तिकडची हवा स्वच्छ. आपल्याकडे धुरामुळे दुसरा दिसत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. "वाळवणाला बरं पडत असेल," एक मावशी म्हणाल्या.

पुढच्या चित्रात अर्ध्या आभाळावर कडं असलेला ग्रह टेकला होता. "हेही तिथलंच, थोडं पुढे गेलं की," अंबूताई म्हणाल्या. आता त्यांचा आवाजही बसला होता, म्हणजे जागेवर बसला होता. श्यामलाला हसू आवरेना. पदर तोंडाला लावून ती खाली बघत राहिली.

"फोटो कुणी काढले? हात चांगला आहे," जयतीर्थ म्हणाले.

"आमच्या मुकुलनं."

जयतीर्थ श्यामलाकडे वळले. "बघ, याला म्हणतात फोटो. नाहीतर तुझी ती चित्रं!"

श्यामलाचं हसू तिथंच विझलं. पदर खाली आला. "अक्का," ती मोठ्यानं म्हणाली, "ते फोटो..."

अंबूताईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर श्यामलानं वाक्य पुरं केलं असतं. पण साठीची ती बाई, एरवी साऱ्या आळीला धाकात ठेवणारी, शाळेत पकडलेल्या पोरीसारखी बघत होती.

"...ते भराभर जातायत. जरा सावकाश दाखवा," श्यामला म्हणाली.

दोन दिवसांनी अंबूताई बसनं एकट्याच केशवापुरात आल्या. पाणीही न घेता त्यांनी विचारलं, "ते कुठलं गं?"

श्यामलानं सांगितलं. पडद्यावर दाखवलंही.

"म्हणजे असं गावच नाही?"

"गाव नाही, ग्रह आहे. तोही खोटा."

अंबूताईंनी पडद्यावरच्या एका दगडावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मुकुल सकाळी जायचा, सून जायची. नात पाळण्यात. हे टीव्हीपुढे. खिडकीतून नुसत्या गाड्या दिसायच्या, म्हणून गाड्यांचे फोटो काढले. एक धबधबा दाखवणार होता, पण ऐन वेळी रजा मिळाली नाही. इथं येऊन मी काय दाखवू? फ्रीज?"

"तो दाखवलात," श्यामला म्हणाली.

"दाखवला, आणि सगळे जांभया देत होते. मग ते तांबडं काहीतरी आलं आणि लोकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे, श्यामला! तोंडातून निघून गेलं."

"ते गेलं ते ठीक. पण मुकुलनं काढले म्हणालात."

अंबूताईंनी मान खाली घातली. "ते चुकलंच."

जावेनं चूक कबूल करणं ही त्या घराण्यातली बहुधा पहिलीच घटना. तिचं काय करायचं हे श्यामलाला सुचेना, म्हणून तिनं खुर्ची पुढे सरकवली आणि जावेच्या हातात माउस दिला. अंबूताईंनी यान सुरू केलं आणि नेम धरल्यासारखं थेट एका डोंगरावर आदळलं.

"अय्यो, मेले!"

"नाही मेलात. पुन्हा निघा."

त्यानंतर अंबूताई दर आठवड्याला यायला लागल्या. जयतीर्थांना वाटायचं, जावा विष्णुसहस्रनाम म्हणतायत. मधल्या काळात गुरुप्रसादनं दोन सूर्यांचा फोटो मोठा करून, चौकट करून आपल्या ऑफिसात लावला. पक्षकारांना तो आधी "आमच्या काकूंनी पाहिलेलं" म्हणून सांगायचा. पुढे त्या सांगण्यातून काकू गळाल्या आणि तो स्वतःच तिथं जाऊन आलेला झाला.

गौरीच्या जेवणाला मळमड्डीत पुन्हा सगळी मंडळी जमली. कुणीतरी ॲरिझोनाचे फोटो लावायला सांगितले. अंबूताईंनी वाढता वाढता पातेलं खाली ठेवलं आणि कंबरेवर हात ठेवून स्पष्ट सांगितलं.

"ते ॲरिझोना नव्हे. मी तिथं गेलेच नाही. ती चित्रं श्यामलानं काढलीत, कॉम्प्युटरमधल्या खोट्या ग्रहावर. मी खोटं बोलले."

गुरुप्रसाद खो खो हसला. "काकूंचा विनय बघा! स्वतःचं कौतुक धाकट्या जावेला देऊन टाकलं."

"श्यामलानं? असले फोटो?" जयतीर्थांना हसताना ठसका लागला. "तिला साधा रिमोट कळत नाही."

"मोठ्या मनाची माणसं," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी सार मागितलं.

अंबूताई पुन्हा काही बोलायला गेल्या. श्यामलानं त्यांचा दंड धरला आणि त्यांना स्वयंपाकघरात नेलं. तिथं दोघी ओट्याला टेकून इतक्या हसल्या, की बाहेरून कुणीतरी साराचं काय झालं म्हणून दोनदा ओरडलं. श्यामलानं डोळे पुसले, सारात पळी घातली आणि म्हणाली, "उद्या लवकर या, अक्का. तो निळा ग्रह राहिलाय."